जनरल गुमुसिओंचं सरकार

कोल्केपाम्पाच्या रेडिओवर सकाळी आधी प्रार्थना लागायची, मग एखादं लोकगीत आणि मग निरोप. कुणाचा लामा चरता चरता हरवलाय, कुणाची सून बाळंत झालीय, वरच्या खाणीतल्या अमक्याने घरी येताना मीठ आणावं. रेडिओ चर्चचा होता आणि एवढासाच होता. त्याचा आवाज समोरच्या डोंगरावर आपटून तिथेच बसायचा. पाद्री नवे दात बसवायला ओरुरोला गेले होते, त्यामुळे सध्या देवापासून लामांपर्यंत सगळं नीकोलासा चोके एकटी बघत होती.

त्या दिवशी प्रार्थना लागली नाही. लष्करी मार्च लागला.

कारण अगदी साधं होतं. समुद्राचा दिवस जवळ आला होता. त्या दिवशी शाळेतली मुलं कागदी जहाजं डोक्यावर घालून चौकात कवायत करतात आणि शंभर वर्षांपूर्वी शेजारी देशाने लढाईत नेलेला समुद्र परत मागतात. शेजारी देत नाही, मुलं पुढच्या वर्षी पुन्हा मागतात. एलिओदोरो मास्तरांनी नीकोलासाला सांगून ठेवलं होतं, "उद्या सकाळी मार्च लाव, पोरांची तालीम घेतो." तिने माइकपाशी तोंड नेऊन नीट सांगितलंही की, "आता शाळेच्या तालमीसाठी मार्च." फक्त माइकचं बटण दाबायचं राहिलं.

राहणारच. तिचं चित्त ठिकाणावर नव्हतं. तिचा धाकटा भाऊ फाउस्तीनो, खाणीतल्या युनियनचा माणूस, लष्करी चौकीच्या कोठडीत होता. ती रोज सकाळी फाटकावर डबा घेऊन जायची. लेफ्टनंट उर्कीदी स्वतः बाहेर येऊन सांगायचे, "या नावाचा माणूस आमच्याकडे कधीच नव्हता," आणि डबा ठेवून घ्यायचे. संध्याकाळी डबा रिकामा परत यायचा, तळाशी बटाट्याची सालं. फाउस्तीनो लहानपणापासून सालं काढून खायचा. सालं परत येत होती तोवर भाऊ जिवंत होता.

पण काल पहारेकऱ्याने डबा देता देता हळूच सांगितलं होतं, "उद्या दुपारच्या गाडीने कर्नल येतोय. राजधानीत, ला पाझला नेणार त्याला." ला पाझला नेलेल्या माणसांचे डबे परत येत नसत.

मार्च चालू करून नीकोलासा पाणी आणायला बाहेर पडली आणि दारातच थांबली. बेकरीवाला फळ्या लावत होता. बायका बादल्या, पिंपं, लहान मुलांचे टब, मिळेल त्यात पाणी भरत होत्या. रॉकेलच्या दुकानासमोर रांग लागली होती आणि त्या रांगेतच साखरेची वेगळी रांग सुरू झाली होती. आपी, म्हणजे मक्याचं गरम पेय, विकणारी सिमोनामावशी तापलेलं पातेलं डोक्यावर घेऊन घराकडे पळत सुटली होती.

"मावशी, काय झालं?"

"काय झालं म्हणून मलाच विचारतेस? तूच लावलायस ना मार्च! सरकार पडलं!"

नीकोलासाच्या हातातली बादली खाली पडली. या देशात सकाळी सकाळी, काही न सांगता रेडिओवर मार्च वाजला की त्याचा अर्थ एकच. तो अर्थ पाळण्यातल्या पोरालाही कळतो. मार्च, मग हुकूम क्रमांक एक, मग नव्या जनरलचं भाषण, त्यात जुना जनरल किती वाईट होता ते. दर एक-दोन वर्षांनी असतंच.

"अगं मावशी, तो शाळेच्या..." म्हणत ती परत वळली. आत जावं, माइकचं बटण दाबावं, खुलासा करावा. एका मिनिटाचं काम.

"एक बरं झालं," सिमोनामावशी पातेलं सावरत म्हणाली. "मागच्या वेळी सरकार पडलं तेव्हा माझ्या दिराला सोडलं होतं बघ. जुन्या सरकारचे चोर ते नव्या सरकारचे पाहुणे. तुझा फाउस्तीनोही सुटेल."

नीकोलासा आत गेली. रेकॉर्ड शेवटाला आली होती. तिने बटणाकडे पाहिलं, रेकॉर्डकडे पाहिलं. मग रेकॉर्ड उलटी करून दुसरी बाजू लावली.

मार्चची तेवढी एकच रेकॉर्ड होती. दुपारपर्यंत तीच पुरवायची होती.

तार ऑफिसातून खरं-खोटं कळलं असतं, पण मागच्या सत्तापालटात तारबाबूला आधी एका बाजूने आणि मग दुसऱ्या बाजूने मारलं होतं. मार्च ऐकल्याबरोबर तो कुलूप घालून, किल्ली घेऊन मेव्हणीच्या गावाला निघून गेला. राजधानीचा रेडिओ ऐकू येईल असा एकच, चौकीतला वायरलेस होता, पण त्याची बॅटरी शिपायांनी फुटबॉलची मॅच ऐकण्यात संपवली होती. मॅचही हरलेच होते.

रेकॉर्ड तिसऱ्यांदा उलटायच्या आतच लेफ्टनंट उर्कीदी दोन शिपाई घेऊन आत आले. ते आरमाराचे होते. देशाचा समुद्र गेला तरी आरमार राहिलं होतं, आणि ते कुठेतरी ठेवावं लागत होतं. उर्कीदींनी मिशी घाईत कापली होती. एक बाजू जरा आखूड झाली होती.

"कोण आहे?" त्यांनी दारातूनच विचारलं.

"मीच आहे, साहेब."

"तू नव्हे गं! वर कोण आहे? राजधानीत!"

"अजून कळलं नाही, साहेब."

"मार्च लावायला कुणी सांगितलं?"

नीकोलासाने फोनकडे बोट दाखवलं. "फोन आला होता. मार्च लाव म्हणाले. थांबवू नको म्हणाले."

लेफ्टनंटांनी टेबलावरचा फोन कानाला लावला. तो फोन गेल्या पावसाळ्यातल्या वादळापासून मेलेला होता. पाद्री त्याचा उपयोग कागद उडू नयेत म्हणून करत. उर्कीदींनी बराच वेळ ऐकलं, मग मान डोलावली.

"लाइन कापलीय. शिस्तीत चाललंय काम." ते खुर्चीवर बसले. "हे बघ नीकोलासा, तुझ्यापासून काय लपवायचं. मागच्या वेळी मी पाठिंबा द्यायला दुपारपर्यंत थांबलो, तर मला आरमाराच्या तळ्यावरून उचलून इथे आणून टाकलं. इथे पाणी टँकरने येतं, आणि मी आरमाराचा माणूस! त्याच्या आदल्या वेळी सकाळीच पाठिंबा दिला, तर तो माणूस जेवणाच्या वेळेपर्यंत टिकला नाही. या वेळी मला लवकर द्यायचाय आणि बरोबर माणसाला द्यायचाय. म्हणून नाव पाहिजे."

त्यांनी खिशातून कागद काढला. पाठिंब्याचं भाषण तयार होतं. नावाच्या जागी टिंबं होती.

"आणि तुझ्या भावाचंही ठरवायला पाहिजे," ते म्हणाले.

"कुठला भाऊ, साहेब? या नावाचा माणूस तुमच्याकडे कधीच नव्हता ना?"

"थट्टेची वेळ नाहीये ही!" त्यांनी घाम पुसला. "नवा माणूस जुन्याच्या विरोधातला असेल, तर तुझा भाऊ उद्या खाणमंत्री होईल. मग मला त्याला सॅल्यूट ठोकायला पाहिजे, चहा द्यायला पाहिजे. पण नवा माणूस जुन्याहून कडक असला तर? मग तो विचारणार, उर्कीदी, हा अजून जिवंत कसा? मग सकाळीच मागच्या भिंतीपाशी उरकायला हवं होतं, असं व्हायचं. चूक झाली तर पुन्हा माझी बदली."

ते खरोखर काळजीत होते. बाहेर शिपाई बंदुकीवर हनुवटी टेकून मार्चच्या ठेक्यावर पाय हलवत होता.

रात्रभर जागून नीकोलासाने काय काय कल्पना केल्या होत्या, त्यात ही भिंत नव्हती. ती भिंत आता तिनेच लावलेल्या रेकॉर्डमुळे उभी राहिली होती. खरं सांगितलं तर दुपारची गाडी, खोटं नीट सांगता आलं नाही तर सकाळची भिंत.

एवढ्यात एलिओदोरो मास्तर धापा टाकत दारात उभे राहिले. "नीकोलासा, ती तालमीची मार्चची रेकॉर्ड आज लावू नकोस हं! मी शाळा सोडून दिलीय. अशा दिवशी कसली तालीम?"

खोलीत फक्त मार्च वाजत होता. लेफ्टनंटांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी लेफ्टनंटांकडे पाहिलं. नीकोलासाने कुणाकडेच पाहिलं नाही.

"कुठली रेकॉर्ड?" लेफ्टनंट म्हणाले.

"हीच, साहेब, अशीच असते ती. अगदी हुबेहूब." मास्तर कान देऊन ऐकत म्हणाले. "पण ही सरकारी दिसते. हिच्यात जोर आहे."

"मास्तर, घरी जा."

"जातो साहेब. नव्या सरकारचा विजय असो." मास्तर गेले. स्वतः मागितलेला मार्च त्यांनी ओळखला नव्हता. त्यांना तरी काय म्हणणार? सकाळी मार्च ऐकल्यावर मुलांची आठवण होईल असा माणूस या देशात अजून जन्माला यायचा होता.

रेकॉर्ड खरखरली. नीकोलासा उठली, तिने ती उलटली, आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिथे चर्चचं कॅलेंडर होतं, त्यावर एका संताचं नाव होतं. त्याच्याशेजारी फुटक्या खिडकीत वारा अडवायला पिठाचं रिकामं पोतं कोंबलेलं होतं. त्यावर गिरणीचं नाव होतं.

"फोनवर एक नाव घेत होते, साहेब," ती म्हणाली. "मला नीट आठवेना. जनरल पोलिकार्पो... गुमुसिओ."

आता साहेब हसणार. नाहीतर पोत्याकडे बघणार. पोतं चांगलं हातभर लांबीचं होतं आणि अक्षरं लाल होती.

"गुमुसिओ!" उर्कीदींनी मांडीवर थाप मारली. "मला वाटलंच होतं! पोलिकार्पो गुमुसिओ! अकादमीत माझ्या दोन वर्षं पुढे होता. डावखुरा. घोड्यावर नीट बसायचा नाही, पण माणूस सोन्यासारखा."

"ओळखता, साहेब?"

"ओळखता म्हणजे? माझ्यावर फार जीव त्याचा!"

"मग बरं झालं," नीकोलासा सावकाश म्हणाली. "कारण ते असंही म्हणाले, की पहिला हुकूम कैदी सोडण्याचा आहे. दुपारच्या आत. ज्यांच्याकडे कैदी मेलेला सापडेल, त्यांची नावं जनरलसाहेब स्वतः लिहून घेणार आहेत."

"तसाच आहे तो," लेफ्टनंट डोळे पुसत म्हणाले. "पहिल्यापासून हळवा."

मग त्यांनी माइकवरून भाषण केलं. कोल्केपाम्पाची चौकी, तिचे सगळे जवान आणि आरमार जनरल पोलिकार्पो गुमुसिओ यांच्या मागे पहाडासारखे उभे आहेत, असं त्यांनी डोंगराला सांगितलं. या वेळी माइकचं बटण नीट दाबलेलं होतं. गावानेही उशीर केला नाही. लेफ्टनंट चौकीपर्यंत पोहोचेस्तोवर स्टेशनच्या भिंतीवर चुन्याने लिहून झालं होतं, 'गुमुसिओंचा विजय असो'. कुणी लिहिलं हे शेवटपर्यंत कळलं नाही. अक्षर मास्तरांचं होतं.

दर थोड्या वेळाने रेकॉर्ड उलटायला सिमोनामावशीला बसवून नीकोलासा चौकीकडे धावली. कोठडीचं दार उघडं होतं. आत फाउस्तीनो भिंतीला टेकून बसला होता. एक डोळा सुजून बंद, ओठ फाटलेला, आणि मांडीवर लेफ्टनंटांचा स्वतःचा आरमारी कोट. समोर कॉफी वाफाळत होती.

"चला, फाउस्तीनोसाहेब," उर्कीदी म्हणत होते. "आपण मोकळे आहात. जनरलसाहेबांना भेटलात तर सांगा, उर्कीदीने कॉफी दिली होती."

"कुठल्या जनरलसाहेबांना?"

"गुमुसिओ!"

"म्हणजे अजून एक जनरल आला?" फाउस्तीनो भिंतीला धरून उभा राहिला. "मी नाही येत."

"काय?"

"बंदुकीच्या जोरावर आलेल्या सरकारकडून मला सुटका नको. मी माझ्या हक्काने सुटेन. निवडणुका होतील तेव्हा सुटेन."

"अरे पण तोवर मी रिटायर होईन!" लेफ्टनंट कळवळले.

दुपारची गाडी घाटाखाली आलेली असणार. नीकोलासाने एक पाऊल आत टाकलं आणि भावाच्या बऱ्या असलेल्या गालावर एक सणसणीत ठेवून दिली. तुरुंगात आल्यापासून त्याला बसलेला तेवढाच एक फटका सरकारी नव्हता.

"ताई!"

"ताई म्हणे! आई तिकडे रोज मेणबत्त्या लावतेय, मी रोज बटाटे उकडतेय, आणि तुला निवडणुका पाहिजेत? चल नीघ! सिद्धान्त बरोबर घेऊन चल, त्याला कुणी नको म्हटलंय?"

फाउस्तीनो निघाला. कोट तिथेच ठेवतो म्हणाला, तत्त्व म्हणून. बाहेरच्या गार वाऱ्यात तत्त्व चार पावलं टिकलं, मग त्याने कोट परत मागितला. सिमोनामावशीला सांगून ठेवल्याप्रमाणे तिच्या नवऱ्याचा मिठाचा ट्रक चढावर घरघरत उभा होता. रिकाम्या पोत्यांखाली फाउस्तीनो आडवा झाला तेव्हा त्याने नीकोलासाचं मनगट पकडलं. "ताई, हा गुमुसिओ कसा आहे? कामगारांच्या बाजूचा आहे का?"

"त्याच्याइतकं आपल्या बाजूचं कुणी झालं नाही," ती म्हणाली. ट्रक मिठागरांच्या रस्त्याला लागला. मागे वळून बघायची सोय नव्हती. गाडीची शिटी झाली होती.

स्टेशनवर लेफ्टनंटांनी सगळे शिपाई रांगेत उभे केले होते. घोषणा पाठ करून घेतली होती. गाव मागे गोळा झालं होतं. नीकोलासा पुढे जाऊन उभी राहिली.

इंजिन थांबलं. ड्रायव्हर खाली उतरून चाकांना पाणी मारू लागला.

"काय म्हणतंय नवं सरकार?" उर्कीदींनी त्याला मोठ्या मजेत विचारलं.

"कुठलं नवं?"

"ला पाझमधलं."

"तिथे जुनंच आहे की. काल जनरलसाहेबांनी फुटबॉलच्या मैदानाचं उद्घाटन केलं. फीत कापताना बोट कापलं म्हणतात. का? तुमच्याकडे काही झालंय?"

लेफ्टनंटांच्या चेहऱ्याचा रंग चुन्यासारखा झाला. त्यांनी मान वळवून नीकोलासाकडे पाहिलं. दूर चर्चमध्ये मार्च अजून वाजत होता. पण रेकॉर्डपाशी बसवलेली सिमोनामावशी इथे, नीकोलासाच्या शेजारी उभी होती. म्हणजे सुई एकाच जागी अडकली होती. धडाम, धडाम, धडाम, तेवढंच.

आता एक शब्द पुरला असता. 'हिला धरा.' ट्रक अजून पठारावरच असेल, धूळ दिसत असेल. जीप पाठवली तर अर्ध्या वाटेत गाठेल.

पहिल्या वर्गाच्या डब्यातून कर्नल उतरला. लठ्ठ, ताजी दाढी केलेला, गालाला साबण. "उर्कीदी! शिपाई रांगेत? छान. हा मार्च कसला?"

"समुद्राचा दिवस, साहेब. मुलांची तालीम." लेफ्टनंटांचा आवाज विहिरीतून यावा तसा आला. काही न कळता ते खरं बोलून गेले होते.

"आणि हा गुमुसिओ कोण?" कर्नल भिंतीकडे बघत होता.

सगळं गाव गप्प. एक कुत्रा होता, तोही बसला.

"पिठाची गिरणी आहे, साहेब," सिमोनामावशी म्हणाली.

"पिठाचा विजय असो?"

"पीठ चांगलं येतं, साहेब. पाव फुगतो."

कर्नलने याच्यावर थोडा विचार केला. मग तो लेफ्टनंटांकडे वळला. "बरं. माझा माणूस कुठेय? चोके."

लेफ्टनंट मनात हिशोब करू लागले. पळाला म्हणावं, तर दार कुणी उघडलं? सोडला म्हणावं, तर कुणाच्या हुकमाने? त्यांचा हात आपोआप नीकोलासाच्या दिशेने उठू लागला.

नीकोलासाने तो हात पाहिला. आणि ती धावली. सरळ कर्नलच्या बुटांपाशी जाऊन तिने गुडघे टेकले.

"कर्नलसाहेब! माझा भाऊ कुठे आहे? फाउस्तीनो चोके! मी रोज फाटकावर जाते, रोज विचारते, आणि हे लेफ्टनंटसाहेब रोज मला एकच सांगतात! तुमच्यासमोर विचारा त्यांना! काय सांगता, साहेब? सांगा ना! रोज काय सांगता?"

तिने मान वर करून उर्कीदींकडे पाहिलं. वर उठलेला हात अर्ध्यावर थांबला. हळूहळू त्यांच्या डोळ्यांत उजेड पडला. हात टोपीकडे गेला, टोपी सरळ झाली.

"या नावाचा माणूस," लेफ्टनंट उर्कीदी खणखणीत आवाजात म्हणाले, "आमच्याकडे कधीच नव्हता."

कर्नलने त्यांच्याकडे निरखून पाहिलं. मग त्यांचा दंड धरून बाजूला नेलं. तरी नीकोलासाला ऐकू आलं.

"उरकलंत?"

उर्कीदींनी मान खाली घातली.

"अरे, मला दोन प्रश्न विचारायचे होते त्याला! पुढच्या वेळी जरा दम धरत चला. पुरलंत कुठे? नको, सांगू नका." कर्नलने गालाचा साबण पुसला आणि जाता जाता नीकोलासाच्या डोक्यावर थोपटलं. "रडू नका, बाई. नसलेल्या माणसासाठी काय रडायचं?"

नीकोलासा रडतच होती. ते नाटक होतं की नाही, हे तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं. इतके दिवस ऐकलेलं तेच वाक्य, आणि ते आज पहिल्यांदा तिला हवं होतं. गाडी कर्नलला घेऊन परत गेली. मग लेफ्टनंट तिच्यापाशी आले आणि म्हणाले, "तो मार्च बंद कर आधी."

समुद्राच्या दिवशी मुलांनी कागदी जहाजं घालून समुद्र मागितला. नेहमीसारखा मिळाला नाही.

नीकोलासा अजून रोज सकाळी फाटकावर जाते. जायला लागतं. जिचा भाऊ नाहीसा झाला ती विचारायची थांबली, तर लोक म्हणतील, हिला काहीतरी माहीत आहे. ती मोठ्याने विचारते, लेफ्टनंट मोठ्याने उत्तर देतात. त्या फाटकावर आता तेवढंच खरं बोललं जातं. डबाही द्यावा लागतो, आणि संध्याकाळी तो परत येतो. लेफ्टनंट सालांसकट खातात.

एकदा डबा देताना त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"नीकोलासा, तो गुमुसिओ... म्हणजे खरंच कुणीच नव्हता?"

"नव्हता, साहेब. पोतं होतं."

लेफ्टनंट उर्कीदींनी मिठागरांच्या रस्त्याकडे पाहिलं.

"वाईट झालं," ते म्हणाले. "माणूस चांगला होता."